रकाना अकरा: घरचा पाठिंबा

हवा, पाणी आणि पाठिंबा या तीन गोष्टींवाचून मूल वाढत नाही. पैकी हवा आमच्या काल्हेरात ट्रकांमुळे जरा जाड मिळते, पाणी दिवसाआड येतं. पाठिंब्याची टंचाई मात्र आमच्या गावाने कधी पाहिली नाही. अट एकच, पाठिंबा दिसला पाहिजे. मनातल्या मनात पाठिंबा देणारा आणि लग्नाला न येता फोनवर आशीर्वाद देणारा, या दोघांची पंगत आमच्याकडे एकच धरतात.

केसरीनाथशेठ (गोदामं सहा, सत्कार मोजलेले नाहीत) यांची नेत्रा पंधरा वर्षांची. पाच वर्षं ती ठाण्याला रुचिका मॅडमकडे बॅले शिकते. अंगठ्यांच्या टोकावर उभं राहायचं आणि काहीच दुखत नाही असा चेहरा ठेवायचा, अशी ही कला आहे. (नेत्राच्या उजव्या अंगठ्याचं नख दिवाळीत निघालं. नोंद करून ठेवतो.) परदेशातल्या एका निवासी बॅले शाळेने मुंबईत निवड चाचणी ठेवली. भारतासाठी जागा दोन, वय सोळाच्या आत. चाचणी फेब्रुवारीत, नेत्राला सोळा पूर्ण मार्चमध्ये. म्हणजे संधी एकच, आणि पोरीला दुसरं काहीच नको होतं.

अर्जात रकाना क्रमांक अकरा होता: 'उमेदवारास घरच्यांचा पाठिंबा आहे काय?' उत्तराला दीड ओळ. बाकीच्या उमेदवारांच्या घरच्यांनी 'आहे' लिहून अर्ज धाडला असणार. शेठनी चष्मा पुसून रकाना दोनदा वाचला.

"म्हंजे यांना शंका हाय?"

आठवड्याभरात 'कुमारी नेत्रा बॅले पाठिंबा समिती' उभी राहिली. अध्यक्ष स्वतः शेठ, कार्याध्यक्ष चार (भाऊबंदांची घरं चार आहेत), सल्लागार अठ्ठावीस, महिला आघाडी वेगळी. चिटणीसपद माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे. बॅले प्रत्यक्ष पाहिलेले सदस्य: निरंक.

पहिल्याच बैठकीत कार्याध्यक्ष लडकूकाकांनी मुद्द्याला हात घातला. "नाच हाय ना? मंग डीजे कोनचा?"

"काका, तिथं फक्त एक पियानोवाला असतो," नेत्रा म्हणाली.

"येकटाच?" काकांना वाईट वाटलं. "आपला वरातीचा बेंजो पाठवू त्याच्या सोबतीला."

बेंजो एकमताने मंजूर झाला.

दुसरा ठराव फ्लेक्सचा. चाळीस फुटी, हायवेला तोंड करून. फ्लेक्स छापणाऱ्या प्रितेशने नेत्राचा सरावातला फोटो घेतला, पण त्यात पाय उघडे दिसत होते. गावची मुलगी, हायवेचा रस्ता. तेव्हा पायांवर शुभेच्छुकांचे फोटो बसवायचं ठरलं. डाव्या मांडीपासून घोट्यापर्यंत तीस, उजव्यावर चौतीस, अंगठ्यावर माजी सरपंच. "बॅलेत पायच बघतात," असं नेत्रा म्हणाली. इतिवृत्तात तसं नोंदवून घेतलं आहे.

तिसरा ठराव सत्कारांचा. चाचणी व्हायच्या आधी सत्कार कसला, अशी शंका एका सल्लागाराला आली (आता तो सल्लागार नाही). उत्तर सरळ आहे. निवड झाल्यावर सत्कार कोणीही करील, आधी करण्यात विश्वास दिसतो. शिवाय निवड झाली नाही तर नंतर करता येत नाही, आणि आणलेल्या शाली दुकानदार परत घेत नाही.

आता जागेचा प्रश्न. शेठच्या गोदामांतला तीन नंबरचा गाळा रिकामा होता. नेत्राने तिथे रबरी मॅट अंथरली होती, भिंतीला कंबरेच्या उंचीवर लोखंडी पाइप ठोकून घेतला होता आणि शाळा सुटली की त्याला धरून ती पाय वर-खाली करत असे. समितीने तिथे तीनशे खुर्च्या, स्टेज आणि बेंजोचं सामान ठेवलं. पाइपावर शाली वाळत घालायची छान सोय झाली.

"पप्पा, मला बाकी कायपन नको. तेवढा गाळा रिकामा करून द्या."

"अगो, तुझ्यासाठीच तर भरलाय!"

शेठचा स्वर खरोखर दुखावलेला होता, हे मी साक्षीने सांगतो.

चाचणीआधीच्या एकवीस दिवसांचा गोषवारा असा: सत्कार चौदा, शाली एकोणीस, नारळ बावन्न, भाषणं अठ्ठ्याऐंशी (पैकी 'बॅले' हा शब्द आलेली पाच), नेत्राचा सराव सहा तास चाळीस मिनिटं. रुचिका मॅडमनी सत्तर तास सांगितले होते. पण मॅडम ठाण्याच्या, त्यांना इथली पद्धत ठाऊक नाही.

पाठिंबा देणारे एकूण चारशे बारा भरले. कामतघरची, शिवणकाम करणारी बिल्किसआपा त्यात धरलेली नाही. नाचाच्या पोशाखाचे पट्टे सैल झाले म्हणून नेत्रा तिच्याकडे गेली होती. आपाने पोशाख बाजूला ठेवला आणि म्हणाली, "लंगडते कशाला? पाव दिखा. या अल्ला, नाखून कुठंय? बस इकडे." मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवला, पट्टी बांधली, पट्टेही शिवून दिले. परंतु तिने फोटो दिला नाही, त्यामुळे नोंद घेता आली नाही.

चाचणीच्या दिवशी सत्तावीस गाड्या आणि बेंजोचा टेम्पो निघाला. कशेळीच्या पुलावर ताफा थांबवून ड्रोनने चित्रण केलं. मागे ट्रक तुंबले, मग पुढे आम्हीही तुंबलो. चाळीस मिनिटं उशीर झाला. अंग मोकळं करायची वेळ त्यातच गेली. दारावरच्या रखवालदाराने सांगितलं, "पालक एकच आत."

अध्यक्ष मिरवणूक सोडून कसे जाणार? चार कार्याध्यक्षांपैकी एकाला सोडावं तर तीन घरं रुसणार. अखेर तटस्थ म्हणून मला पाठवलं. काचेपलीकडे बसून मी सगळं पाहिलं.

नेत्राचा नंबर लागला. पियानो सुरू झाला. ती टोकावर उभी राहिली, एक पाय मागे नेऊन हवेत धरला, आणि नेमकी तेव्हाच बाहेर समितीने दहा हजार फटाक्यांची माळ लावली. मागोमाग बेंजो. पियानोवाल्याचे हात थांबले. परीक्षक खिडकीकडे धावले. नेत्रा थांबली नाही. परीक्षक बघत नसताना, पियानो वाजतही नसताना, तिने आपला नाच शेवटच्या पावलापर्यंत पुरा केला. वाकून नमस्कार केला तेव्हा उजव्या बुटाचं गुलाबी टोक लाल झालेलं होतं. (इतिवृत्तात मी 'रंगसंगती उत्तम' असं लिहिलं.)

आता तुम्ही विचाराल, झाली का निवड?

पत्र आलं. 'पायांची ठेवण दुर्मिळ. सराव फार कमी. उजव्या अंगठ्याची जखम जुनी, वेळीच उपचार झालेले नाहीत. निवड नाही. उमेदवारास असलेला घरचा पाठिंबा वाढवावा.'

शेठनी तेही दोनदा वाचलं. "पोरी, आमी कमी पडलो काय?"

"न्हाय पप्पा. जास्त झालात."

समितीने पत्रातलं शेवटचं वाक्य तेवढं विचारार्थ घेतलं. पाठिंबा वाढवण्याची सूचना खुद्द परदेशातून आलेली, तेव्हा सदस्यसंख्या चारशे बारावरून सातशे करायचं ठरलं. मार्चमध्ये नेत्राला सोळा पूर्ण झाली, यानिमित्त नवा फ्लेक्स लागणार आहे, या वेळी साठ फुटी. रबरी मॅट गुंडाळून ठेवली आहे. पाइपावर शाली आहेत.

राहता राहिला हिशेब. चाचणीपासून 'झाली का निवड?' हे नेत्राला सहाशे तेरा जणांनी विचारलं. तुमच्यासह सहाशे चौदा. अंगठा कसा आहे, हे विचारणारी आजवर एकच, आणि तिची नोंद नाही. दिवाळीत नख निघाल्याचं मी तुमच्याही कानावर सुरुवातीलाच घातलं होतं; तुम्ही पुढे बेंजोला हसायला निघून गेलात. चालायचंच. तुम्ही आमच्यातलेच आहात.

तेव्हा एक पासपोर्ट साइज फोटो प्रितेशकडे पाठवून द्या. नव्या फ्लेक्सवर उजव्या पायावर तुमच्यासाठी जागा धरली आहे. माजी सरपंचांना थोडं वर सरकवलंय.