निरोपाचं गाणं आणि पुढची सात मिनिटं

साहेब शनिवारी निवृत्त होणार होते आणि त्याआधी आवक-जावक कारकुनाच्या बढतीच्या अहवालावर त्यांची सही व्हायची होती. कारकुनाने ठरवलं, निरोपाचं गाणं आपल्या आवाजात रेकॉर्ड करून त्यांना आधीच पाठवायचं. (हेतू शुद्ध होता, असं त्याचं म्हणणं.)

काम मोबाइलवर पाच मिनिटांत झालं असतं. पण त्याने लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवलं, माइक आणला आणि घरातल्या सगळ्या गोधड्या खिडक्यांना टांगल्या. सॉफ्टवेअर उघडताच पडद्यावर इतकी बटणं आली की त्याला दरदरून घाम फुटला. एक बटण दाबलं, तर आवाजच येईना. दुसरं दाबलं, तर आपलाच आवाज कानात जरा उशिरा यायला लागला आणि त्याच्यासाठी थांबता थांबता गाणं पार रखडलं. अखेर गुरुवारी संध्याकाळी कसंबसं जमलं. त्याने थांबवायला स्पेसबार दाबला आणि हेडफोन काढला.

“झालं का हो?” बायकोने दारातून विचारलं.

“झालं! पण त्या म्हाताऱ्याला सूर कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का? जन्मभर नुसत्या सह्या ठोकल्या!”

“अहो, हळू बोला.”

“घाबरतो की काय मी त्याला?”

आणखी पाच-सात मिनिटं साहेबांचा उद्धार करून झाल्यावर त्याने पहिली ओळ अकरा वेळा ऐकली, अकराही वेळा मान डोलावली आणि फाइल साहेबांना पाठवून दिली.

शुक्रवारी ऑफिसात पाठवलेल्या फाइलकडे त्याचं सहज लक्ष गेलं. गाणं चार मिनिटांचं, फाइल अकरा मिनिटांची! स्पेसबार दाबला तेव्हा कर्सर गाण्याच्या नावाच्या चौकटीत होता. नावात एक मोकळी जागा तेवढी वाढली होती, गाणं ऐकायला प्लेचं बटण दाबेपर्यंत रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. त्याने गाण्यानंतरचा भाग लावला. “त्या म्हाताऱ्याला...” शब्द न् शब्द स्वच्छ. गोधड्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. बढती गेलीच, आता नोकरी राहिली तरी पुष्कळ, असं मनाशी म्हणत तो केबिनमध्ये शिरला.

“तुमचं गाणं लावलं होतं मी,” साहेब गंभीरपणे म्हणाले.

त्याने चाचरत विचारलं, “पूर्ण ऐकलंत, साहेब?”

साहेबांनी चष्मा काढला. “खोटं कशाला बोलू? पहिल्या ओळीलाच बंद केलं. वाईट वाटून घेऊ नका. अहवालावर सही केलीय.”

कारकुनाचा जीव भांड्यात पडला. तिथून मुकाट्याने निघायचं, एवढंच बाकी होतं. पण दाराशी त्याचा पाय अडखळला आणि तोंडून निघून गेलंच, “साहेब, दुसरं कडवं जास्त चांगलं झालंय. एकदा ऐकून तर बघा!”

साहेबांनी दोन्ही हात जोडले. “अहो, सही केलीय म्हटलं ना!”