आप्पांना पसंत पडेल अशी जागा

लाइट गेली की आमच्या बेळगावच्या वडगावातले माग एकदम थांबत आणि माणसं हुश्श करून ओट्यावर येऊन बसत. शेजारचे आप्पा मात्र डबा वाजवायला घेत. रॉकेलचा रिकामा डबा, हातात लाकडी दांडका आणि तोंडानं लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. लाइट येईपर्यंत हा कार्यक्रम चाले. मी शाळेतून दमून आलेला असे, पुढ्यात वह्यांचा गठ्ठा असे. "आप्पा, जरा गप बसा की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं.

"गपगार जागा वंगाळ, गुरुजी."

आप्पांच्या घरात चार यंत्रमाग होते. पुढं माग, मागं चूल आणि मधल्या बोळकांडीत माणसं. दिवसरात्र खडाखड चाले. बोलायचं म्हणजे एकतर ओठ आणि हात हलवायचे, नाहीतर बेंबीच्या देठापासून ओरडायचं. सगळी गल्लीच तशी होती. माझी बायको कणकुंबीच्या रानातून लग्न होऊन आली, तेव्हा पहिला आठवडाभर तिला वाटत होतं की शेजारी भांडण जुंपलंय. आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, तिच्याकडं वाटीभर साखर मागितली होती एवढंच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुंबईला समुद्राकाठी पाळण्यांचं भलंमोठं पार्क निघाल्याचं पेपरात आलं. आप्पांच्या धाकट्या शोभानं त्याचं कात्रण मागाच्या वरच्या भिंतीला खळीनं चिकटवलं. थोरल्या सुमनचं लग्न वैशाखात ठरलं होतं. ते कात्रण बघून आप्पांच्या मनानं घेतलं. आप्पा-आक्का दोघंही लग्नानंतर एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिले नव्हते.

"सुमी जायच्या आधी चौघं मिळून एकदा जाऊन येऊ," ते म्हणाले. "फुडं कुठलं चौघं, गुरुजी? ती जाईल, मग शोभी जाईल."

मला भरून आलं. मी लगेच हो म्हणालो, आणि तिथंच फसलो. कारण जायचं ठरलं तरी उतरायचं कुठं, हा प्रश्न होता. आप्पांचं शिक्षण तिसरीपर्यंत, त्यामुळं पत्रं लिहायची माझ्याकडं आली. मी पोस्टातून जोडकार्डं आणली. अर्ध्यावर आपण लिहायचं, उरलेल्या अर्ध्यावर पलीकडच्यानं उत्तर धाडायचं.

पहिलं कार्ड आप्पांच्या मावसभावाला गेलं. खुशाली, लग्नाची बातमी, आणि मग आप्पांनी मुद्दाम सांगितलेला प्रश्न : तुमच्याकडं कालवा-गोंगाट कितपत असतो? आठव्या दिवशी उत्तर आलं. चौथा मजला, मागं बाग, टाचणी पडली तरी ऐकू येते, अवश्य या. मी खुशीत वाचून दाखवलं. आप्पांनी कार्ड घेऊन खिशात घातलं.

"न्हाय जमायचं."

"अहो, का?"

"टाचणी ऐकू येती म्हणतोय. तिथं कोण ऱ्हाईल?"

आम्हाला कालव्याशिवाय झोप लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. मला ते पटलंही, उभा जन्म मागाशेजारी गेलेला. पण झालं असं की प्रश्न वाचून प्रत्येकाला वाटे, यांना शांतता हवी आहे. मग जो तो आपल्या घरातल्या शांततेची जाहिरात करी. सुमनच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या भाच्यानं तर 'आश्रमासारखं वातावरण' असं लिहून त्याखाली रेघ मारली. आप्पांनी त्या कार्डाकडं सापाकडं बघावं तसं बघितलं. एका लॉजनं छापील पत्रक धाडलं, 'शांत व स्वच्छ, कुटुंबांसाठी खास'. तेही गेलं. शेवटी भर बाजारातली एक धर्मशाळा सापडली. खाली हातगाड्या, वर भोंगे, पहाटेपासून आरडाओरडा. मला वाटलं, सुटलो. पण तिथं बायका एका दालनात आणि पुरुष दुसऱ्यात, असा नियम निघाला.

"तिच्याजवळ मी नको व्हय?" आप्पा म्हणाले.

या वयात, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी गिळलं आणि नवं कार्ड काढलं. संक्रांत गेली, शिमगा गेला. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. शोभा रोज शाळेतून येताना माझ्या दारात थांबून विचारी, "काका, जागा ठरली?" त्या पोरीला नाही म्हणायचा मला अगदी वीट आला होता. आप्पांचा तर असा राग येई की त्यांच्याशी बोलूच नये.

मग आप्पांना गावची खोली आठवली. त्यांचं मूळ गाव निपाणीजवळचं बोरगाव. त्या गावच्या माणसांनी मुंबईत गिरण्यांच्या वस्तीत आज्या-पणज्यांच्या काळापासून मिळून एक खोली धरली होती. गावचं कुणीही जावं, वळकटी टाकावी, विचारणारं कुणी नाही. आप्पा तरुणपणी पंधरा दिवस तिथं राहून आले होते.

"शेजारी गिरणी, गुरुजी. तिन्ही पाळ्या. भिंत हालायची बघा," सांगताना त्यांचा चेहरा उजळला. "ही जागा पयल्यांदाच कशी सुचली न्हाय?"

त्यांनी शोभाला नवे कपडे शिवायला टाकायला सांगितलं. आक्कांनी बेसन भाजून ठेवलं. दहा दिवसांनी खोलीचं उत्तर आलं, ते मी त्यांच्या ओट्यावर बसून वाचलं. खोलीत आता तिघंच म्हातारे राहतात, बायकापोरांना घेऊन खुशाल या, मोठ्या संपापासून शेजारची गिरणी बंदच आहे, आता इथं गपगार असतं.

आप्पांनी हात पुढं करून तेही कार्ड खिशात घातलं. माझा मात्र तोल सुटला. पोरीची हौस तुमच्या झोपेपायी मारताय, दोन रात्री जागे राहिलात तर मराल काय, असं मी वाटेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत आक्का कांडीवर सूत भरत बसल्या होत्या. तिकडं एकदा बघून आप्पा माझ्या कानाशी आले.

"तिला ऐकू येत न्हाय, गुरुजी. चार वर्सं झाली. हितं कुणाला कळत न्हाय, सगळीच वरडत्यात. ती माझ्या ओठाकडं बघून चालवती. तिला वाटतंय, मला ठावं न्हाय. गपगार खोलीत पोरींम्होरं उघडं पडलं तर तिला कसं वाटंल? तुमी कुणाला बोलू नगा."

मी शब्द दिला. एवढा वेळ तोंडाला येईल ते बोललो, त्याची लाज वाटली.

परीक्षा संपल्यावर मी आणि माझी बायको दोघी पोरींना घेऊन मुंबईला गेलो आणि त्याच खोलीत उतरलो. लग्नाआधी ऑर्डर पुरी करायची आहे, माग सोडता येत नाही, असं आप्पांनी पोरींना सांगितलं होतं. पार्कात मोठ्या पाळण्यापुढं लांबलचक रांग होती. शोभा माझ्या बायकोबरोबर पुढं उभी होती. सुमन मागं माझ्यापाशी थांबली.

"काका, ऑर्डर कसली न्हवतीच," ती म्हणाली. "आईच आली नसती, आन् आप्पा तिला सोडून येत न्हाईत. तिला ऐकू येत न्हाय. आमाला दोघींना कवाचं ठावं हाय. आप्पांना तेवढं कळू देऊ नगा, त्यांना सोसायचं न्हाय. आईनंच आमच्याकडनं शपथ घेतलीया."

घरात माणसं चार, चौघांनाही एकच गोष्ट ठाऊक, आणि तिघी ती आप्पांपासून आणि आप्पा तिघींपासून जिवापाड जपत बसलेले. पाळण्यात बसलो तेव्हा पोरी हसत होत्या, मला मात्र खाली बघवत नव्हतं. दोन्हीकडं शब्द देऊन मी पुरता अडकलो होतो.

बेळगावला परतलो तेव्हा आप्पा स्टँडवर आले होते. पोरी पुढं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "खोली कशी हुती, गुरुजी?"

"शांत होती," मी म्हणालो.

"बगा," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "बरं झालं आमी आलो न्हाय त्ये."

बारा दिवसांनी सुमनचं लग्न होतं. मी हो म्हणालो आणि पोरींची पिशवी उचलली.