नववी 'अ'चे शुद्धीकरण

वर्गनिरीक्षण ही शाळेतली अत्यंत गंभीर बाब असते. त्या दिवशी मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर बसतात, शिक्षक फळ्यावर नेहमीपेक्षा सुवाच्य लिहितात आणि मुले नेहमीपेक्षा कमी हुशार होतात. १९९८ सालच्या पावसाळ्यात, नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत, मुख्याध्यापक मल्हारी बोरस्ते असेच नववी 'अ'च्या विज्ञानाच्या तासाला येऊन बसले. पुढे जे घडले त्याला सविता थेटे बाई जबाबदार नाहीत, हे आधीच नमूद केलेले बरे. त्यांनी फक्त धडा शिकवला.

बाईंनी टेबलावर तीन काचपात्रे मांडली होती. "हे नुसतं मीठ. एकाच प्रकारचा पदार्थ, म्हणून शुद्ध. आता ह्यात वाळू घातली. हे झालं मिश्रण. दोघं शेजारी राहतात, पण आपापला स्वभाव सोडत नाहीत, म्हणून त्यांना पुन्हा वेगळं करता येतं. आणि हे मीठ पाण्यात विरघळवलं. हेही मिश्रणच, पण असं एकजीव झालेलं की कुठलाही थेंब चाखा, चव तीच. ह्याला म्हणायचं द्रावण."

"बाई, मिसळ म्हणजे मिश्रण ना?" राज दिघोळेने विचारले.

"अगदी. मटकी वेगळी दिसते, फरसाण वेगळं दिसतं."

"आणि तर्री?"

"तीही मिश्रणच. तेल वर तरंगतं की नाही? रविवारी खाण्याआधी जरा निरीक्षण कर."

"खाण्याआधी नाही जमणार, बाई!"

वर्ग हसला. बोरस्ते सर हसले नाहीत. ते समोरची डोकी न्याहाळत होते. पहिल्या बाकावर नव्वद टक्के, मधल्या बाकांवर साठ, खिडकीपाशी काठावर पास. शाळेची सर्वांत हुशार म्हणवली जाणारी तुकडी उघड उघड मिश्रण होती, आणि आजवर एकाही निरीक्षण अहवालात याची नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गावर्गांतून सूचना फिरली. नववी 'अ' पुढील वर्षी बोर्डाला सामोरी जाणार असून सद्यःस्थितीत ती मिश्रण असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब तिचे शुद्धीकरण करण्यात येत आहे. तसेच यापुढे प्रयोगशाळेचा वापर शुद्ध तुकडीपुरता मर्यादित राहील.

बाकी मुलांनी सूचना ऐकली आणि डबे उघडले. छाया काकडने मात्र डबा तसाच ठेवून प्रयोगशाळा गाठली. शहरालगतच्या मखमलाबादला तिच्या घरी फुलशेती होती. झाडांवर मारायच्या औषधातला निळा मोरचूद ती लहानपणापासून पाहत आली होती. बाईंनी तिला दाखवले होते, की गरम पाण्यात मावेल तितका मोरचूद विरघळवायचा, द्रावण गाळून घ्यायचे, त्यात दोऱ्याला बांधलेला एक बारीकसा खडा सोडायचा आणि वाट पाहायची. घाण मागे राहते आणि शुद्ध निळा स्फटिक हळूहळू मोठा होतो. छायाचा खडा प्रयोगशाळेतल्या कपाटात लोंबत होता. सध्या तो तांदळाएवढा होता.

"बाई, किती दिवस लागतील त्याला?"

"घाई केली की वेडावाकडा वाढतो. दिवाळी होऊ दे, मग बघ."

"तोवर मी 'अ'मध्ये राहीन ना?"

बाई रसायनशास्त्र कोळून प्यायल्या होत्या. त्यांनी दोऱ्याची गाठ पुन्हा एकदा तपासली.

शुद्धीकरणाची पद्धत ठरवायला पालकसभा भरली. राजचे वडील, किशोर दिघोळे, अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करत. ते उभे राहिले. "सर, आमच्याकडे रिजेक्शन म्हणजे रिजेक्शन. दर शनिवारी चाचणी घ्या. शेवटचा नंबर आला, की सोमवारी 'ब'मध्ये. विषय संपला."

"किती शनिवार?" बाईंनी विचारले.

"मॅडम, क्वालिटीला शेवट नसतो."

टाळ्या पडल्या. छायाचे वडील पुंजाराम काकड यांनीही वाजवल्या. "लय भारी काम करून राह्यले सर," ते शेजाऱ्याला म्हणाले. "आपली पोर हाय 'अ'मधी."

आधी तांदळातले खडे वेचावेत तशी काठावरची मुले वेचून काढण्यात आली. मग शनिवारची चाळणी सुरू झाली. ज्याचे मूल गळाले तो पालक सोमवारी गप्प असे, आणि ज्यांची राहिली ते सरांना पेढे देऊन चाळणी आणखी बारीक करण्याची विनंती करत. मात्र एक चमत्कारिक गोष्ट सरांच्या ध्यानात आली. शेवटच्या नंबराला कितीही वेळा काढून टाकले, तरी पुढच्या शनिवारी कोणीतरी शेवटचे येतच होते. यावरून, अशुद्धी फारच खोलवर मुरली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

बाई त्यांच्या खोलीत गेल्या. "सर, आता थांबू या. ही मुलं वाळू आणि मीठ राहिलेली नाहीत. छाया राजला विज्ञान समजावते, तो तिला बीजगणित समजावतो. कुणाच्या पेपरात कुणाची अक्कल आहे, सांगता येत नाही. द्रावण झालंय त्यांचं. गाळून काही वेगळं होणार नाही."

सर विचारात पडले. "मग द्रावणातून पदार्थ वेगळा कसा काढतात?"

"बाष्पीभवनानं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. तरीही जबाबदार त्या नव्हेतच.

सोमवारपासून नववी 'अ' गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत भरू लागली. ऑक्टोबरची उन्हे होती. दोन बाकांमध्ये एक बाक मोकळा, आपसात बोलण्यास मनाई, आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी: 'इतर तुकड्यांना प्रवेश नाही'. ज्यांना भोवळ आली ती मुले उडून गेलेला भाग समजून 'ब'मध्ये जमा करण्यात आली. खाली 'ब'मध्ये एका बाकावर पाच पाच मुले बसू लागली, आणि वर तळाशी उरलेल्या मिठासारखे दोघेच: छाया आणि राज.

त्या शनिवारी राज शेवटचा आला. दिघोळे स्कूटरवरून तडक शाळेत आले.

"सर, ही चाचणीच सदोष आहे!"

"दिघोळेसाहेब, नियम आपलाच आहे."

"नियम बरोबर आहे हो. तो लागू चुकीच्या पोराला झालाय."

राज दप्तर घेऊन जिना उतरू लागला. "आता बीजगणित कोण सांगणार तुला?"

"मधल्या सुट्टीत तू सांग."

"मला वर येऊ देत नाहीत. तूच ये ना खाली."

"खाली आले तर स्फटिक कोण बघणार?" छाया म्हणाली. स्फटिक आता बोराएवढा झाला होता, आणि त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसत होत्या.

पुढची चाचणी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर झाली. निकाल फळ्यावर लागला. पहिला क्रमांक: छाया काकड. शेवटचा क्रमांक: छाया काकड.

बाई धावतच सरांकडे गेल्या. "सर, ती पहिली आली आहे!"

"अभिनंदन. पण पहिल्यासाठी आपल्याकडे काही नियमच नाही. शेवटच्यासाठी आहे."

बाईंमागून आलेली छाया दारातच उभी होती. "सर, फक्त दिवाळीपर्यंत ठेवा मला. नंतर मी आपणहून जाईन."

बोरस्ते सर वाईट मनाचे नव्हते. त्यांनी तिला आत बोलावले, बसायला सांगितले आणि शांतपणे समजावले. "बाळ, तुझ्यावर माझा अजिबात राग नाही. पण तू वर्गात आहेस तोवर तळाशी कोणीतरी आहे. कळतंय ना?"

सोमवारी नववी 'अ' शुद्ध झाली. त्याच क्षणी प्रयोगशाळेला कुलूप लागले, कारण वापरायला शुद्ध तुकडीत कोणी नव्हते.

हिवाळ्यात तपासणी पथक आले. नववी 'अ' पाहून पथकाचे साहेब थक्क झाले. गैरहजेरी नाही, गोंगाट नाही, भिंतीवर शाईचा डाग नाही, नापासाचे प्रमाण शून्य. त्यांच्यासाठी प्रयोगशाळा उघडण्यात आली. कपाटात काचेच्या भांड्यात एक निळाभोर स्फटिक टांगलेला होता.

"अप्रतिम! हा कुणाचा?"

"छाया काकडचा," बाई म्हणाल्या. "ती आता 'ब'मध्ये आहे."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "'ब'च्या मुलीची वस्तू 'अ'च्या प्रयोगशाळेत? मग हा अनधिकृतच म्हणायचा. फेकून द्यावा लागेल."

बोरस्ते सर चटकन पुढे झाले. "साहेब, केला तेव्हा ती 'अ'मध्ये होती. तो तुकडीचाच आहे."

बाई पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर स्फटिक मोरीत गेला असता. तो कार्यालयाच्या काचेच्या कपाटात गेला, खाली चिठ्ठी लागली 'नववी अ', आणि शाळेला आदर्श तुकडीची ढाल मिळाली. त्या दुपारी 'ब'मधली सगळी मुले रांग करून कार्यालयासमोरून पाणी प्यायला गेली. दोनदा गेली. छायाला तिसऱ्यांदाही जायचे होते.

"तो माझा आहे," ती हळूच म्हणाली.

"माहितीये सगळ्यांना," राज म्हणाला.

"मग चिठ्ठीवर का नाही?"



जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. नववी 'अ'साठीची रांग फाटकातून बाहेर पडून पार रिक्षास्टँडपर्यंत गेली होती. फाटकावरचा शिपाई सहादू प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगत होता, "साहेब, त्या तुकडीत एकबी पोरगं नाय." ते ऐकून एकही माणूस रांगेतून हलला नाही. उलट, इतकी निवड करतात म्हणजे तुकडी चांगलीच असणार, यावर सर्वांचे एकमत झाले.

आपणही होतात की त्या रांगेत, मुलाचे बोट घट्ट धरून. ओळखीच्या माणसाचे नाव सांगून आपण चार माणसे पुढेही सरकलात. सहादूला आपण एकच गोष्ट विचारलीत: वर्गात बाकीची मुले कसल्या घरची आहेत? तो म्हणाला, बाकीचे कोणी नाहीच. तेव्हा कुठे आपल्या जिवात जीव आला.