बर्फाचा पूल

देऊळघाटाजवळच्या एका गावाच्या नाल्यावर पूल नव्हता आणि ही बाब शासनाच्या विचाराधीन होती. पावसाळ्यात नाला भरला की बुलडाण्याचा बाजार तुटायचा, आणि सगळं गाव दोन्ही वेळ स्वतःचीच वांगी खात बसायचं. सरपंच पंजाबरावांना तर वांग्याच्या नुसत्या वासानेही ढवळून यायचं. यंदा पूल आणायचाच, असं त्यांनी पक्कं केलं होतं.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात शेषराव मास्तरांनी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक भरलं, पण पुरेसा बर्फच पडला नाही. शेवटी लष्कराने तो वाहून आणला. त्याआधीचे खेळ अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीला झाले. तिथे आधी जवळपास काहीच नव्हतं. खेळ मिळाले, मग रस्ते झाले.

"म्हंजे बर्फ नाही, रस्ता नाही, तरी चालते?" पंजाबराव ताठ बसले. "मास्तर, हे दोन्ही तं आपल्यापाशी पयलेपासूनच नाही!"

हिवाळी ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी गावाचा अर्ज गेला. कचेरीत कुणी हसलं नाही, कारण हसण्याचे अधिकार वरिष्ठांकडे होते. बर्फ पडतो की नाही हा हवामानाचा विषय, उतार हा बांधकामाचा. शिवाय दोन परदेशी पूर्वोदाहरणं जोडलेली. साहेब पाहणीला आले.

पंजाबरावांनी खामगावच्या कारखान्यातून भुशाच्या पोत्यांत बांधलेल्या बर्फाच्या लाद्या मागवल्या. बैलगाडी नाल्यात रुतली ती दुपारपर्यंत निघाली नाही.

"बर्फ कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

पंजाबरावांनी पोतं पिळून दाखवलं. "हा काय. पूल असता तं घट्ट भेटला असता, साहेब."

साहेबांना ते पटलं. बर्फ उपलब्ध असून वाहतुकीत द्रवरूप होतो, सबब पूल मंजूर. पुढचे खेळ फ्रान्समधल्या ग्रेनोबलला केव्हाच देऊन झाले होते, पण तसं कचेरीला कुणी कळवलं नव्हतं.

पूल झाला. पहिल्याच पावसात पंजाबराव वांग्यांची गाडी घेऊन निघाले. चौकीदार पुंजाजीने त्यांना पाटी दाखवली : फक्त बर्फाच्या वाहतुकीसाठी.

"अबे, हा पूल म्याच आनला ना!"

"हाव, सरपंच. पन बर्फ हाय का?"

मग खामगावहून येणाऱ्या बर्फाचे तुकडे गावाने वाटून घेतले. वांग्यांवर तुकडा, नवरीच्या ओटीत तुकडा. कुणाचा अर्ध्या पुलावर विरघळला की पुंजाजी त्याला नियमानुसार परत फिरवी. पंजाबराव आठवड्यातून दोनदा तरी परत फिरत.

"ते पाटी नाल्यात काऊन नाही फेकत?" ताटात वांगं वाढत त्यांची बायको वच्छलाबाई कडाडल्या.

"अवं, सरकारी हाय ते!" पंजाबराव घाबरून म्हणाले आणि मुकाट्याने घास गिळू लागले.

हसा, खुशाल हसा. पण परवा खिडकीपलीकडच्या माणसाने समोर उभ्या असलेल्या तुम्हाला जिवंत असल्याचा दाखला मागितला, तेव्हा तुम्हीही पिशवीत हात घातलाच ना?