केवलरामची हाजिरी

मथुराबाईंनी पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, दवाखान्याची फाइल पिशवीत घातली आणि नवऱ्याला हाक मारली, तर नवरा घरात नव्हता. न्हाणीत नव्हता, गच्चीवरही नव्हता. दारात त्याचा मित्र देवाजी स्कूटर सुरू ठेवून उभा होता. तो सरळ घराच्या मागे गेला. तिथे केवलराम पेरूच्या झाडाला आळं करत बसला होता. भिलाईच्या कोहक्यात घर बांधल्यापासून त्याने त्या झाडाला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, आणि आज अचानक त्याला झाडाचा कळवळा आला होता.

"आज नाही जमत," मान वर न करता केवलराम म्हणाला. "झाड सुकून राहिलं."

"झाड मी संध्याकाळी पाहतो. तू चाल."

"काल सांगतलं ना तुले. बस झालं आता."

देवाजीने त्याच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि त्याला बखोटीला धरून उठवलं. केवलरामने फार विरोध केला नाही. पण जाताना मथुराबाईंनी देवाजीला फाटकाशी थांबवलं आणि हळूच म्हटलं, "भाऊजी, मले हे काहीच सांगत नाहीत. आज आणलं तुमी, पण उद्याचं काय?" त्यांचे डोळे भरून आले होते. देवाजीने त्यांना सांगितलं की उद्याचं उद्या बघू. 

केवलरामला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. वेळेत कळला होता आणि सिकाई पूर्ण केली तर बरं होण्याची पुरेपूर आशा होती. रेडिओथेरपीला दवाखान्यात सगळे सिकाईच म्हणत. डॉक्टर कमलिनी मॅडमची अट एकच होती, मध्ये खंड पडता कामा नये. आणि केवलरामने नेमका खंड पाडायला सुरुवात केली होती. मागच्या आठवड्यात त्याने कुरुदला भाच्याच्या मुलीचं बारसं काढलं. नवरा-बायको नवे कपडे घालून तिथे पोचले तेव्हा कळलं की मुलगी अजून जन्मायचीच आहे. मॅडमनी त्या दिवशी मथुराबाईंना बजावून सांगितलं होतं की असं चाललं तर केलेलंही वाया जाईल.

देवाजीला हे कोडं उलगडत नव्हतं. सिकाईने दुखत नाही, सुई नाही, कापाकापी नाही. दोघे पोलाद कारखान्यात एकाच खात्यात होते. केवलराम वर क्रेनच्या केबिनमध्ये एकटा बसे आणि देवाजी खाली उभा राहून शिट्टी आणि हाताच्या इशाऱ्यांनी त्याला माल कुठे उतरवायचा ते दाखवी. खाली लाल रसरशीत लोखंड आणि वर अधांतरी बसलेला हा माणूस. अशा माणसाला टेबलावर दोन मिनिटं आडवं पडायचा कंटाळा यावा याचा देवाजीला राग येई. "त्यात काय आहे बे," हे वाक्य तो रोज जाताना एकदा आणि येताना एकदा म्हणे. केवलराम पावर हाउस चौकातली गर्दी बघत राही.

या सिकाईला एक विचित्र नियम होता. आधी लघवीला जाऊन यायचं, मग बाटलीभर पाणी प्यायचं आणि ते पोटात धरून बसायचं. मूत्राशय भरलेलं असलं म्हणजे किरण जिथे पडायला हवेत तिथेच पडतात. पण केवलराम जन्मात कधी एकट्याने चहा प्याला नव्हता, तो एकट्याने पाणी कुठून पिणार? म्हणून पहिल्या दिवसापासून देवाजीही त्याच्या बरोबरीने बाटली तोंडाला लावत असे. मैत्रीत लोक काय काय करतात, पण दुसऱ्यासाठी तुंबून बसणारा मित्र विरळाच.

त्या दिवशी दोघांनी वेळेवर पाणी पिऊन घेतलं आणि त्याच वेळी मशीन बंद पडलं. आता सुरू होईल, आता होईल, असं आतून कोणीतरी येऊन सांगून जाई. बाकड्यावर दोघे पाय आवळून बसले. केवलरामने मुठी वळल्या. देवाजीने भिंतीवरच्या पाट्या उलट्या वाचून पाहिल्या. शेवटी केवलराम उठला.

"मी जाऊन येतो. अन मंग घरी जाऊ," तो म्हणाला.

"गेला त पुन्हा पाणी प्या लागन. नंबर मांगं जाईन."

"म्हणून त म्हणून राहिलो, घरी जाऊ. उद्यापासून तू पण नोको येऊ, देवाजी."

हे त्याने इतकं शांतपणे म्हटलं की देवाजी घाबरला. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते, ठरवून मोकळ्या झालेल्या माणसाचं काय करायचं? केवलराम वळणापलीकडे दिसेनासा झाला आणि त्याच क्षणी मशीन सुरू झालं. दारातून एक नवाच पोरगेला टेक्निशियन बाहेर आला. रोजची बाई त्या दिवशी रजेवर होती. नाव पुकारल्यावर जो हजर नसेल तो रांगेच्या शेवटी, असं त्याने आधी सगळ्यांना ऐकवलं आणि मग पुकारा केला, "केवलराम."

"हाजिर," देवाजी म्हणाला.

यात देवाजीचा दोष म्हटला तर होता, म्हटला तर नव्हता. नोकरीच्या दिवसांत हाजिरीच्या वेळी दोघांपैकी जो सायकल लावायला मागे राही त्याच्या नावाला दुसरा हाजिर म्हणे. साहेबालाही ते ठाऊक होतं, कारण पाठोपाठ पहिला धापा टाकत येऊन उभा राहीच. निवृत्त झाले तरी सवय गेली नव्हती. बँकेत केवलरामचं नाव घेतलं तरी देवाजीचं तोंड आपोआप उघडे. फरक इतकाच, की कारखान्यात हाजिरी दिल्यावर काम सुरू व्हायला निदान थोडी सवड मिळे. इथे हाजिरी देताच पोराने त्याच्या दंडाला धरलं आणि थेट आत नेलं.

पोराचं नाव पीयूष होतं. घरी मराठी बोलणारा आणि बाहेर हिंदीत वावरणारा, भिलाईतल्या निम्म्या पोरांसारखा. मशीनबरोबर कॉम्प्युटरही बंद पडला होता आणि त्यावर पेशंटचा फोटो यायला वेळ होता. म्हणून त्याने तोंडीच विचारून घेतलं. पाणी प्यालात का? देवाजी प्याला होता, आणि किती प्याला होता ते त्याचा चेहराच सांगत होता. जन्मतारीख? एक जुलै. हेही खरंच होतं. दोघांच्या गावच्या गुरुजींनी शाळेत आलेल्या प्रत्येक पोराला एक जुलैलाच जन्माला घातलं होतं, आणि सालही ज्याला त्याला तेच वाटून दिलं होतं. देवाजीने दोनदा तोंड उघडलं. पण खरं सांगितलं तर केवलरामचा नंबर जाणार, आणि नंबर गेला की केवलरामही जाणार. तो आता धापा टाकत येईलच, या भरवशावर देवाजी कपडे बदलून टेबलावर आडवा झाला. टेबल वर उचललं गेलं. दिवे मंद झाले. पोटावर हिरव्या रेघा पडल्या.

पीयूष वाकून बघू लागला. मग त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"अंकल, निशाण कुठे गेले?"

सिकाई कुठे द्यायची त्याच्या खुणा केवलरामच्या अंगावर शाईने केल्या होत्या आणि त्या पुसू नयेत म्हणून मथुराबाई डोळ्यांत तेल घालून जपत होत्या. देवाजीच्या अंगावर लहानपणी पडल्याचा एक व्रण होता, तोही पाठीवर.

"आंघोळ करतो रोज," देवाजी कसंबसं म्हणाला.

पीयूषचा चेहरा उतरला. खुणा धुतल्या असतील तर सगळं मोजमाप नव्याने करावं लागेल, तोवर सिकाई बंद ठेवावी लागेल, मॅडमना बोलवावं लागेल, असं पुटपुटत तो निघाला. टेबल उंच आहे, हलू नका, पडाल, एवढं त्याने बजावलं. सिकाई बंद, हे दोन शब्द देवाजीच्या डोक्यात घणासारखे बसले. मित्राचा एक दिवस वाचवायला तो आडवा झाला होता आणि मित्राचे पुढचे सगळेच दिवस बुडवून बसला होता. त्याने "मी केवलराम नाही" असं म्हटलंही, पण तोवर पोरगा त्या लांब वळणाच्या वाटेने बाहेर पोचला होता.

मग देवाजीला कळलं की खोलीत आपण एकटेच आहोत.

भिंती जाड होत्या. बाहेरचा एकही आवाज आत येत नव्हता. मशीनचं भलंमोठं डोकं तोंडावर ओणवं झालं होतं आणि कुठेतरी बारीक घरघर चालू होती. उतरावं तर खाली जमीन दिसत नव्हती. पोटात बाटलीभर पाणी उसळ्या मारत होतं. हे यंत्र आता चालू झालं तर, असा विचार आला. त्याने हाक मारली. ती हाक त्याला स्वतःलाच पोरक्या वासराची वाटली.

इकडे केवलराम घरी जायला मित्राला शोधत होता. मित्र बाकड्यावर नव्हता. कंट्रोल रूमच्या उघड्या दारातून त्याने आत डोकावलं, तर पीयूष फोनवर मॅडमना सांगत होता की केवलराम नावाच्या पेशंटने निशाण धुऊन टाकले आणि आता तो टेबलावर ओरडतो आहे. केवलरामने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर देवाजी होता. त्याच्या जागी, त्याच्याचसारखा मुठी वळून पडलेला.

त्याला आधी हसू आलं. मग त्याने पडदा नीट पाहिला आणि हसू तिथेच थांबलं. पीयूषला त्याने आपली बंडी वर करून शाईच्या खुणा दाखवल्या. पोरगा आत धावला, आणि केवलरामने समोरचा माइक ओढून घेतला.

"देवाजी, मी आहो बे. हालू नोको. पोरगा येऊन राहिला उतरवाले."

"केवल, मले काढ इथून."

"वर पाय. छताच्या कोपऱ्यात डाग आहे, डोंगरगडच्या पहाडीसारखा. दिसला? त्याच्यावर चढाले लाग. मी रोज बमलाई देवीच्या बाजूनं चढतो. तू तुमच्या बुद्धाच्या मूर्तीच्या बाजूनं चढ. वर पोचाच्या आत संपून जाते."

आयुष्यभर इशारे खालून वर गेले होते. आज पहिल्यांदाच देवाजीने केवलरामचा इशारा मुकाट्याने पाळला. पीयूषने टेबल खाली आणलं तेव्हा तो अर्ध्या पहाडीवर होता. उतरताच तो कोणाशीही न बोलता ज्या वेगाने मुतारीकडे धावला, तो वेग त्याच्या वयाला शोभणारा नव्हता.

कमलिनी मॅडम आल्या. त्यांनी आधी पीयूषला, मग देवाजीला आणि शेवटी कारण नसताना केवलरामलाही झापलं. फोटो जुळल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही, काही झालं नसतं, असं त्यांनी सांगितलं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत देवाजी नव्हता. त्याचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. नर्सने त्याला व्हीलचेअरवर बसवलं आणि हलायचं नाही म्हणून दम दिला. केवलरामला कोणी काहीच सांगितलं नाही. त्याने आपण होऊन बाटली उघडली आणि पाणी प्यायला सुरुवात केली. व्हीलचेअरच्या बाजूला स्टूल ओढून तो बसला. येणारी-जाणारी माणसं देवाजीकडे बघून हळहळत आणि केवलरामला विचारत, भाऊ, यांना कुठला आहे?

केवलरामची अर्धी बाटली संपली.

"तू रोज असाच पडून राहते तिथं?" देवाजीने विचारलं.

"हो."

"भेव लागते?"

"लागते ना. क्रेनवर एकटा होतो, पण खाली तू दिसत होता."

देवाजी म्हणाला, "अन मी रोज म्हणत होतो, त्यात काय आहे."

"म्हणत होता," केवलराम म्हणाला. "कान किटले होते."

आतून पुकारा झाला. केवलराम उठला, त्याने देवाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की इथून हलू नको, मी दोन मिनिटांत येतो. मग तो चालत आत गेला.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई नवऱ्याला शोधायला मागच्या अंगणात गेल्या, तर तिथे नुसतं झाड. नवरा पुढच्या दारात फाइल घेऊन, चपला घालून उभा होता. दोन्ही बाटल्या त्यानेच भरल्या होत्या. एवढी कसली घाई, असं त्यांनी बिचकतच विचारलं.

"देवाजीनं धास्ती खाल्ली त्या खोलीची," केवलराम गंभीरपणे म्हणाला. "आता मले रोज जा लागन. थो एकटा काय करन?"

देवाजी फाटकाशी येऊन हे ऐकत होता. रात्री त्याला छान झोप लागली होती, ब्लडप्रेशर उतरलं होतं आणि सकाळी त्याने तीन पोळ्या खाल्ल्या होत्या. मथुराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने चेहरा पाडला आणि स्कूटरचं हँडल धरलेला हात थोडा थरथरवला. मथुराबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला आणि त्या घाईने आत वळल्या.

केवलराम मागे बसला. त्याने दोन्ही हात देवाजीच्या खांद्यांवर घट्ट ठेवले.

"घाबरू नोको बे. मी आहो मांगं."

"म्हणून त जाऊन राहिलो," देवाजी म्हणाला.