सामाईक कोलेस्टेरॉल

माझ्या सासरी कोलेस्टेरॉल सामाईक आहे. मामंजींनी वाटण्या केल्या तेव्हा जमीन तिघा भावांत वाटली, गोठा वाटला, पितळेची भांडी वाटली. बांधावरचा आंबा कुणाचा यावरून दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, पण तोही वाटला गेला. फक्त विहीर आणि कोलेस्टेरॉल ही दोन सामाईक ठेवली. मामंजी म्हणाले, एखाद-दुसरी गोष्ट अशी राहू द्या, की जिच्यासाठी तुम्हाला एकमेकांच्या दारात जावं लागेल. विहिरीच्या पाळ्या तेव्हाच ठरल्या. कोलेस्टेरॉलच्या पाळ्या ठरवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तेव्हा ते कुणी मोजत नव्हतं.

फलटणजवळ आमची नाळ्यांची वस्ती आहे. माझे मोठे दीर, आबा, यांचं घर रस्त्याकडेला आणि आमचं विहिरीजवळ. धाकटे उत्तम भाऊजी चिंचवडला कंपनीत असतात, पण कोलेस्टेरॉलला अंतर लागत नाही. तिघांपैकी कुणीही रक्त दिलं तरी आकडा तोच येतो. फलटणचा लॅबवाला आता पूर्ण नाव विचारतच नाही. "नाळे का?" म्हणतो आणि सुई टोचतो. सुनांची नावं त्याला लागत नाहीत. माझं कोलेस्टेरॉल माझं स्वतःचं आहे, माहेरून आणलेलं, आणि चांगलं आहे.

आता सामाईक गोष्टीचं जे व्हायचं तेच याचं झालं. आबांनी पुरणपोळीवर तूप ओतून घ्यायचं आणि आकडा आमचा वाढायचा. उत्तम भाऊजींनी तिकडे बटर चिकन खावं, आणि इथे आम्ही दोडक्याची भाजी खाऊन अडीचशेच्या वर जावं. एकदा मी फोनवर बोललेही. तर ते म्हणाले, "वहिनी, आबांचं तूप मलाही लागतं, त्याचं काय?" त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी कांद्याचा भाव सांगून फोन ठेवला.

माघात ह्यांना कांद्याच्या वाफ्यात उभ्या उभ्या घाम फुटला. डावा हात धरून खाली बसले आणि मला म्हणाले, "पाणी बंद कर, वाफा भरलाय." माणूस चालला होता आणि त्याला वाफ्याची पडली होती. मी मोटर बंद केली नाही, आधी जीप बोलावली. बारामतीला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, वाचले. 

घरी आल्यावर फलटणच्या डॉक्टर मिरजकरांनी कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली. आकडा उतरला, तिघांचाही उतरला. उत्तम भाऊजींनी फोन करून आभार मानले. पण ह्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. आधी चढण चढताना, मग सपाटीवर. उंबरा ओलांडताना चौकट धरायचे, आणि खाली बसायचं म्हटलं की दोन्ही हात पोटऱ्यांवर ठेवून हळूहळू बसायचे. डॉक्टरांनी गोळी बदलून पाहिली, कमी करून पाहिली, रक्त तपासलं आणि शेवटी थांबवली.

"सगळ्यांना असं होत नाही," ते म्हणाले. "ह्यांना सोसत नाही. पण अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा आकडा खाली ठेवावाच लागतो."

"मग आता?" मी विचारलं.

"दुसरं औषध आहे, महाग आहे. पण तुमचं सामाईक आहे ना? मग दुसऱ्या कुणी गोळी घेतली तरी आकडा उतरेल. पोटऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या."

"मी घेते."

डॉक्टरांनी फाइल चाळली. "तुमचं नाव लागलेलं नाही, ताई. तुम्ही घेतलीत तर तुमचाच उतरेल."

मला त्या क्षणी फार लागलं. सत्तावीस वर्षं त्या घरात भाकऱ्या थापल्या, आणि नवऱ्यासाठी एक गोळी गिळायची तर माझं नाव लागत नाही. मी उरलेलं गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि सरळ आबांच्या घरी गेले.

आबा ओसरीवर खुर्चीत बसून मोबाईलवर व्हिडिओ बघत होते. आबांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत, पण मोबाईल आल्यापासून ते पुढं शिकले आहेत. व्हिडिओत एक टक्कल पडलेला माणूस सांगत होता, की कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा काडीचाही संबंध नाही, हे सगळं गोळ्या खपवायला काढलेलं आहे. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकलं, आक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि मग म्हणाले,

"मला एक सांग. माझा आकडा किती?"

"जो ह्यांचा तोच."

"उत्तमचा?"

"तोच."

"मग अटॅक एकट्या संपतलाच कसा आला? गुन्हा कोलेस्टेरॉलनं केला म्हणतो तुझा डॉक्टर. मग तिघांचाही करायचा होता. मी एवढं तूप खातो, माझं काळीज बघ कसं वाजतंय."

  मी म्हटलं, "आबा, वाद नंतर घाला, गोळी आधी घ्या."

"जे मला पटत नाही ते मी तोंडात घालत नाही. कारलंसुद्धा नाही."

मी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि चहा न घेता निघाले. सत्तावीस वर्षांत त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच उठले. आक्का कप घेऊन दारापर्यंत आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

पण आबांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी तो डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी नाकावरचा चष्मा वर केला.

"तंबाखू कोण खातं?"

"हे एकटेच. ती वाटणीत ह्यांच्याकडे आली. मामंजींची होती."

"बीपी?"

"तेही ह्यांचंच."

"असं बघा. बांध फुटतो तेव्हा नुसत्या पाण्यानं फुटत नाही. कुठेतरी उंदरानं बीळ केलेलं असतं. तुमच्याकडे पाणी सामाईक आहे आणि बिळं ज्याची त्याची. म्हणून एकाचाच बांध फुटला. पण पाणी कमी असतं, तर तोही कदाचित टिकला असता."

हे मला पटलं, कारण बांध मी पाहिलेले आहेत. आक्कांना फोन करून मी ते आबांना सांगायला लावलं. आबांचं उत्तर आलं, की मग उंदराला धरा, पाण्याला कशाला धरता. उत्तम भाऊजींना फोन केला तर ते म्हणाले, "वहिनी, मी घेतली असती, पण आमची लिफ्ट बंद आहे आणि मी पाचव्या मजल्यावर राहतो. पोटऱ्या गेल्या तर घरी कसा जाणार?"

ह्यांनी मात्र तंबाखूची डबी विहिरीत टाकली. विहीर सामाईक आहे, असं टाकता येत नाही, हे मी बोलले नाही. संध्याकाळी म्हणाले, "जाऊ दे, आबाला त्रास नको." मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

म्हणून मी वाटपाचा अर्ज केला. हे नको म्हणत होते, पण अर्जावर सही त्यांचीच लागते, आणि मी समोर बसून ती घेतली. माझा हिशोब सरळ होता. ह्यांचा हिस्सा वेगळा निघाला, की कुणाच्या तुपाचा नि कुणाच्या बटरचा ह्यांना त्रास नाही. दोडक्याच्या भाजीवर आणि डॉक्टर देतील त्यावर आम्ही आमचा आकडा सांभाळू.

तलाठी भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "कोलेस्टेरॉलला विहिरीचेच नियम लागतात," ते म्हणाले. "सहहिस्सेदारांना नोटीस जाईल. हरकत असली तर घेतील. पण एक सांगतो वहिनी, वाटप झालं की पुन्हा एकत्र करता येत नाही. खालच्या आळीतल्या दोघा भावांनी केलं. आता एकाचा आकडा दुसऱ्याला माहीतसुद्धा नसतो."

"नसला तर नसला."

"बघा बुवा. हृदयं वेगळीच आहेत ना? नाहीतर तो वेगळा अर्ज लागतो."

"हृदयं पहिल्यापासून वेगळी आहेत," मी म्हटलं.

आबांनी हरकत घेतली, म्हणून चावडीवर सुनावणी ठेवली. आम्ही आधी पोचलो. उत्तम भाऊजी चिंचवडहून आले, दाराशी उभे राहून वडापाव खात होते. मी बघितल्यावर अर्धा कागदात गुंडाळला. तलाठी भाऊसाहेबांनी टेबल पुसून घेतलं आणि आबांची वाट बघत बसले.

आबा आले ते आक्कांच्या खांद्यावर हात ठेवून. चावडीला तीन पायऱ्या आहेत. पहिली चढले आणि थांबले. दुसरीला भिंत धरली. वर आल्यावर चौकट धरून उंबरा ओलांडला, आणि बाकावर बसताना दोन्ही हात पोटऱ्यांवर ठेवून हळूहळू खाली बसले. ही चाल मी ओळखत होते. ती माझ्या घरात महिनाभर चालली होती. 

ह्यांनीही ओळखली. "आबा," ते म्हणाले, "तू गोळी घेतोस?"

 उत्तर आक्कांनी दिलं. "ही चहा न घेता उठली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. गुपचूप डॉक्टरकडे जाऊन विचारून आले. घरी येऊन म्हणतात, त्या डॉक्टरला काही कळत नाही, पाणी दे. आणि घेतली."

तलाठी भाऊसाहेबांनी पेन उघडलं. "म्हणजे हरकतदारास कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराचा संबंध मान्य आहे, असं नोंदवू का?"

"अजिबात नाही," आबा म्हणाले. "संबंध नाही. लिहा तसं."

"मग गोळी का घेता?"

"माझं खरं असलं, तर माझ्या पोटऱ्या फुकट दुखल्या. डॉक्टरचं खरं असलं आणि मी गोळी घेतली नाही, तर माझा भाऊ जाईल. पोटऱ्या काय, दोन आहेत मला."

तलाठी नियमानं चालणारा माणूस. "भाऊही दोन आहेत," ते म्हणाले.

आबांनी दाराशी उभ्या असलेल्या उत्तम भाऊजींकडे पाहिलं. "त्याला धरू नका. तो पाचव्या मजल्यावर असतो."

 ह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले. मी आबांच्या पाया पडले. ते म्हणाले, "पाया पडताना पोटऱ्यांना हात लावू नकोस," म्हणून लांबूनच पडले.

अर्ज मागे घ्यायचा तर कारण लिहावं लागतं. तलाठी भाऊसाहेबांनी बराच विचार केला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'अर्जदाराच्या थोरल्या भावाच्या पोटऱ्या दुखतात, सबब वाटपाची आवश्यकता राहिली नाही', आणि खाली शिक्का मारला. जाताना आम्ही सगळे आबांच्या घरी गेलो आणि मी चहा घेतला, दोन कप.

डॉक्टरांनी आता आबांची गोळी निम्मी केली आहे, तेवढी त्यांना सोसते. आकडा खाली आहे, तिघांचाही. रोज संध्याकाळी हे आमच्याकडून कोमट तिळाचं तेल घेऊन रस्त्याकडेच्या घरी जातात आणि ओसरीवर बसून आबांच्या पोटऱ्या चोळतात. आबा तोवर मोबाईल लावतात. तो टक्कल पडलेला माणूस सांगत असतो, की संबंध नाही म्हणजे नाही. हे मान डोलावत ऐकतात आणि चोळत राहतात. व्हिडिओ संपला की आक्का पाणी आणून ठेवतात. आबा गोळी तळहातावर घेऊन म्हणतात, "काही उपयोग नाही याचा," आणि गिळतात.

परवा उत्तम भाऊजींचा फोन आला. फार खुशीत होते. आकडा एवढा छान उतरलाय म्हणून त्यांनी रात्री बटर चिकन मागवलं होतं. मी त्यांना विचारलं, लिफ्ट चालू झाली का. हो म्हणाले, कालच. मी त्यांना सांगितलं, विहिरीसारख्या आता गोळीच्याही पाळ्या लावल्या आहेत आणि पुढचा महिना चिंचवडचा आहे.