भागूबाईची ज्वारी आणि तीन खोकी

शामकांत मास्तर पुण्याहून पंधरा दिवसांचा कॉम्प्युटरचा वर्ग करून आले, ते डोक्यात फोरट्रान ही यंत्राची भाषा घेऊन. नेवाशाकडच्या त्यांच्या हायस्कुलात तोवर सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीतला टेबलफॅन, आणि तोही मान फिरवत नसे. पण मास्तर हटायला तयार नव्हते. जूनपासून दर शनिवारी कॉम्प्युटरचा वर्ग घ्यायचाच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

हेडमास्तर सुमंत सरांची हरकत नव्हती. पण परवानगी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष सूर्यभान पाटील यांच्या हातात. पाटलांनी निरोप धाडला होता, "मला आधी दाखवा काय ते. पटलं तर वर्ग. न्हाई पटलं तर मास्तरांना कवायत आन् बागकाम देऊन टाका." शामकांत मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. कवायत! ज्या माणसाला लग्नात सप्तपदीच्या वेळी डावा पाय कुठला नि उजवा कुठला हे भटजींनी सांगितलं होतं, त्यानं कवायत घ्यायची?

आता यंत्र नाही तर दाखवायचं काय? मास्तरांनी डोकं चालवलं. मे महिना असल्यानं पोरं सुट्टीवर होती, म्हणून त्यांनी शाळेतल्या मोठ्या माणसांचंच यंत्र करायचं ठरवलं. खडूची तीन रिकामी खोकी आणली, त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. एकावर 'आकडे', दुसऱ्यावर 'अक्षरे', तिसऱ्यावर 'हो-नाही'.

"हे बघा, यंत्राला माहिती द्यायची तर ती कुठल्या जातीची ते आधी सांगावं लागतं," त्यांनी समजावलं. "आकडा आकड्याच्या खोक्यात, नाव अक्षरांच्या. चुकीच्या खोक्यात पडलं की यंत्र बंद. मग मी शाळेची घंटा वाजवणार."

"आन् मी काय करायचं?" शिपाई मच्छिंद्रनं विचारलं. शाळेत लागण्यापूर्वी त्यानं वीस वर्षं बाजारात धान्य मापलं होतं.

"तू फंक्शन. म्हणजे पिठाची गिरणी समज. वरून ज्वारी टाकली की खालून पीठ. तुझ्याकडं ज्वारी यायची, तू मापट्यानं मोजून आकडा सांगायचा. तेवढंच काम. तीच ज्वारी दिली की दर वेळी तोच आकडा."

"गिरनीत तसं न्हाई हुत, मास्तर. आदल्याची बाजरी ऱ्हाती ना आत. आमच्या पिठात लई वेळा निघती."

"ही गिरणी झाडलेली आहे!" मास्तर म्हणाले.

पाणी भरणाऱ्या भागूबाईला बेरजेचं फंक्शन केलं. ती भाजी-माळव्याच्या बाजारात तोंडी हिशेब करणारी बाई, दोन आकडे ऐकले की बेरीज तोंडावर. ज्वारीही तिच्याच घरची. सुमंत सरांनी आपणहून लेखनिकाचं काम घेतलं. फंक्शन जे बोलेल ते चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहायचं आणि खोक्यात टाकायचं. दोन दिवस तालीम झाली. पाच मापटी, सात मापटी, नऊ मापटी. बेरजा अशा बिनचूक आल्या की मास्तरांना रात्री गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाटील आले, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले, पानाचा डबा उघडला.

"चालू करा तुमचं यंत्र."

मास्तर टोपलीत ज्वारी ओतणार, तोच पाटलांनी हात वर केला. "थांबा. तुमी घातलेली न्हाई, मी घालनार." आणि त्यांनी उठून स्वतःच्या हातानं टोपलीत बरोब्बर एक मापटंभर ज्वारी घातली.

मच्छिंद्रनं मापटं भरलं, वरून हात फिरवला आणि खणखणीत आवाज दिला, "लाभ!"

सुमंत सरांनी लिहिलं, 'लाभ', आणि चिठ्ठी आकड्यांच्या खोक्यात टाकली. नियम मास्तरांचाच. त्यांनी घंटेवर टोला मारला. टण्ण!

"अरे मच्छिंद्र, एक म्हण, एक!"

"कसं म्हनू? पहिल्या मापाला एक म्हनतात व्हय? लाभ, दोन, तीन, चार. माझा बापबी असंच मापायचा."

तालमीत कधी एकच मापटं आलं नव्हतं, त्यामुळं हे उघडं पडलं नव्हतं. आली का पंचाईत! मास्तरांनी घाईघाईनं जाहीर केलं, "ठीक आहे, यापुढं लाभ आला की यंत्र एक समजेल."

"समजंल ना? मग हे घ्या," म्हणत पाटलांनी रिकामी टोपलीच पुढं सरकवली.

मच्छिंद्रनं टोपली उलटी करून पाहिली, मापट्यात डोकावला आणि मास्तरांकडं बघायला लागला.

"काय आहे त्यात? सांग ना," मास्तर काकुळतीला आले.

"काही न्हाई असं म्हनू नको रे बाबा," भागूबाई मधेच कडाडली. "माझ्या घरच्या धान्याची टोपली हाय ती. भरपूर हाय म्हन!"

"भरपूर!" मच्छिंद्रनं सांगून टाकलं. सुमंत सरांनी 'भरपूर' लिहिलं. टण्ण!

आता भागूबाई चिडली. "माझ्या ज्वारीवर सारखी घंटा कशापायी? मला नगं तुमचं यंत्र." तिनं टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"चालली का काय तू?" पाटलांनी विचारलं.

"येते मी," भागूबाई म्हणाली आणि तरातरा निघून गेली. सुमंत सरांनी 'येते' असं लिहिलं, फाटकाबाहेर दिसेनाशी होणारी टोपली पाहिली, आणि चिठ्ठी हातात धरून तसेच उभे राहिले. मास्तरांनी घंटा वाजवली, पण आता त्यात जीव नव्हता.

सगळं संपलं होतं. डोळ्यांपुढं वांग्याची रोपं आणि 'डावा-उजवा' दिसायला लागलं. तरी धीर करून ते म्हणाले, "पाटील, वर्गाला परवानगी आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

पाटलांनी पान तोंडात टाकलं. "बघू."

आणि सकाळपासून लागलेल्या सवयीनं मास्तरांचा हात आपोआप उठला. टण्ण!

मच्छिंद्र खांबामागं सरकला.

"माझ्यावर घंटा?"

"यंत्र माणूस बघत नाही, पाटील," मास्तर पुटपुटले. "'बघू' कुठल्याच खोक्यात बसत नाही."

"बसत न्हाई तर आनखी एक खोकं करा की! गावात सुतार मेले का?"

सुमंत सरांनी शांतपणे इतिवृत्ताची वही ओढली, लिहिलं आणि वाचून दाखवलं, "माननीय अध्यक्षांनी कॉम्प्युटरच्या वर्गासाठी एक नवीन खोके मंजूर केले."

"ओ हेडमास्तर, वर्ग कुठं मंजूर केला मी?"

"वर्ग नसेल तर खोकं कुणाचं, पाटील? आणि या वहीत खाडाखोड चालत नाही, हा तुमचाच नियम."

पाटलांनी वहीकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं. मग पोट हलवत हसले आणि पेन मागितलं. सही करता करता थांबले.

"मास्तर, खरं सांगा. त्या पुन्याच्या यंत्राला ह्यातलं काय कळतं? लाभ, भरपूर, बघू?"

"काहीसुद्धा नाही," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "त्याला स्वतःची अक्कल नसते. जेवढं सांगू तेवढंच करतं. उलटून बोलत नाही."

पाटलांनी सही ठोकली.

"मग हेडमास्तर, एक इकडं मागवाच. आख्ख्या संस्थेत असं माझ्याकडं कुनीच न्हाई."

सुमंत सरांनी पान उलटलं आणि यंत्राचा ठराव लिहायला सुरुवात केली.